विश्लेषण : ‘सिस्टर, ही माझी गोळी नाही’ हे कोण सांगणार? मुले आणि मनोरुग्णांच्या औषधांत चुका कुठे होतात?

दहा किलो वजनाच्या बाळाला रात्री ताप चढतो. घरात पॅरासिटामॉलच्या दोन बाटल्या आहेत. एक सिरपची, दुसरी ड्रॉप्सची. डॉक्टरांनी फोनवर ‘सहा मिली द्या’ असे सांगितले, ते ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम औषध असलेले सिरप गृहीत धरून. झोपेत हाताला लागली ती ड्रॉप्सची बाटली. ड्रॉप्समध्ये एका मिलीतच १०० मिलिग्रॅम औषध असते. बाळाला हवे होते १५० मिलिग्रॅम, पोटात गेले ६००. म्हणजे चौपट. साधारण दिवसभराच्या मर्यादेइतके औषध एकाच घोटात.

औषध तेच, आजारही तोच आणि मिलीचा आकडाही बरोबर. तरीही चूक झाली. रुग्णालयात अशा चुकीची शक्यता दिवसातून अनेकदा निर्माण होते आणि बहुतेक वेळा ती ट्रे घेऊन आलेल्या परिचारिकेच्या हातात थांबते. क्वचित थांबत नाही. प्रौढ रुग्णाच्या बाबतीत तिच्या पुढेही आणखी एक पहारा असतो, तो म्हणजे खुद्द रुग्ण. ‘सिस्टर, माझी गोळी पांढरी असते, ही गुलाबी का?’ एवढे तो विचारतो आणि चूक पकडली जाते. तान्ह्या बाळाला हे विचारता येत नाही. मानसोपचार वॉर्डातल्या रुग्णाला विचारता येते, पण त्याचे विचारणे अनेकदा आजाराचेच लक्षण समजले जाते. मुले आणि मनोरुग्ण हे दोन गट औषधांच्या सुरक्षिततेत सर्वांत नाजूक मानले जातात, ते यामुळे.

मुलांच्या डोसचे गणित अवघड का?

प्रौढांची अनेक औषधे ठरीव मात्रेत येतात. सकाळी एक, रात्री एक. मुलांचे तसे नाही. जवळपास प्रत्येक डोस वजनावरून काढावा लागतो. पॅरासिटामॉलचे प्रमाण एका वेळी प्रतिकिलो साधारण १५ मिलिग्रॅम आणि दोन डोसमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर असे असते. आधी वजन, मग मिलिग्रॅम, मग त्या बाटलीतील तीव्रतेप्रमाणे मिली असा तीन पायऱ्यांचा हिशेब आहे आणि प्रत्येक पायरीवर पाय घसरू शकतो. वजन अंदाजाने लिहिले, पौंड आणि किलोचा घोळ झाला, मिलिग्रॅमच्या जागी मिली वाचले गेले, की पुढचा सगळा हिशेब बरोबर करूनही उत्तर चुकते.

इंजेक्शनमध्ये आणखी एक पायरी वाढते. बाजारातल्या अनेक कुप्या प्रौढांच्या मापाच्या असतात. सहा किलोच्या बाळाला एखाद्या प्रतिजैविकाचे ३०० मिलिग्रॅम द्यायचे आहेत आणि हातात आहे एक ग्रॅमची कुपी. ती विरघळवून एकूण १० मिली द्रावण केले तर त्यातले ३ मिली घ्यायचे आणि ७ मिली मागे ठेवायचे. प्रौढांच्या वॉर्डात संपूर्ण कुपी देण्याची सवय असलेला हात इथे चुकू शकतो. वॉर्डात गर्दी असेल आणि पहाटेचे चार वाजले असतील, तर जास्तच.

सलाईनचेही तसेच. मुलांसाठीच्या सेटमध्ये ६० थेंबांचा एक मिली होतो, म्हणून मिनिटाला जितके थेंब, तितके तासाला मिली, असा सोपा हिशेब सिस्टरांच्या तोंडी असतो. साध्या सेटमध्ये मात्र साधारण २० थेंबांतच एक मिली भरतो. संपलेला सेट बदलताना मुलांच्या सेटऐवजी साधा सेट जोडला गेला आणि थेंबांचा वेग तोच ठेवला, तर बाळाच्या शिरेत तिप्पट पाणी जाते. थेंब मोजणारा माणूस तर बरोबरच मोजत असतो.

वजनाचे गणित अचूक केले तरी मूल म्हणजे प्रौढाची छोटी प्रत नव्हे. नवजात बाळाचे यकृत आणि मूत्रपिंड अजून पूर्ण तयार झालेले नसतात, त्यामुळे औषध शरीरात साठत जाते. १९५०च्या दशकात क्लोरॅम्फेनिकॉल या त्या काळातल्या लोकप्रिय प्रतिजैविकाने नवजात बाळांची त्वचा राखाडी पडून मृत्यू ओढवू लागले, तेव्हा वैद्यकाला हा धडा मिळाला. ‘ग्रे बेबी सिंड्रोम’ हे नाव तेव्हाचे. ॲस्पिरिनचेही तसेच आहे. विषाणूजन्य तापात मुलांना ते देणे टाळतात, कारण त्याचा संबंध मेंदू आणि यकृताला सूज आणणाऱ्या रेय सिंड्रोमशी आढळला.

बोस्टनमधील दोन रुग्णालयांच्या बालरोग विभागांत झालेला आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या क्षेत्रात आजही दाखला म्हणून दिला जातो. त्यात औषधांच्या १०,७७८ आदेशांची तपासणी झाली आणि ६१६ चुका आढळल्या. प्रौढांच्या वॉर्डांच्या तुलनेत एकूण चुकांचे प्रमाण फारसे वेगळे नव्हते. पण इजा होऊ शकली असती अशा चुका मात्र मुलांमध्ये सुमारे तिप्पट होत्या.

हजारपट चूक होऊ शकते?

होऊ शकते, झालीही आहे. हॉलिवूडचे अभिनेते डेनिस क्वेड यांच्या नवजात जुळ्यांना नोव्हेंबर २००७ मध्ये लॉस एंजेलिसच्या रुग्णालयात हेपॅरिन दिले गेले. शिरेतली नळी रक्ताने तुंबू नये म्हणून मुलांसाठी प्रतिमिली १० युनिट तीव्रतेचे हेपॅरिन वापरतात. जुळ्यांना मिळाले प्रतिमिली १०,००० युनिटचे. दोन्ही कुप्या लहान आणि दोन्हींची लेबले निळ्या छटांची होती. चुकीची कुपी औषध विभागाकडून बालकांच्या साठ्यात आली, तिथून ट्रेमध्ये आणि ट्रेमधून बाळांपर्यंत. ती चूक एकदा नाही, लागोपाठ झाली. दोन्ही बाळे वाचली. पण त्याच्या आदल्या वर्षी, २००६ मध्ये, इंडियानापोलिसमध्ये याच गोंधळात अपुऱ्या दिवसांच्या तीन बाळांचा जीव गेला होता. क्वेड यांनी पुढे अमेरिकी संसदेच्या समितीसमोर साक्ष दिली आणि औषधांच्या लेबलांचा प्रश्न सर्वांच्या नजरेत आला.

ही घटना इतकी सांगितली जाते, कारण त्यात कोणाचाही हेतू वाईट नव्हता आणि कोणी फार मोठा हलगर्जीपणाही केला नव्हता. एकामागून एक चार-पाच जणांनी ‘या खणात नेहमी तेच असते’ असे गृहीत धरले, इतकेच.

दशांशचिन्हाची गडबड याच जातीची. ‘.५’ लिहिले आणि टिंब पुसट उमटले की ५ होतात. ‘५.०’ लिहिले की घाईत ५० वाचले जाते. म्हणून टिंबापूर्वी शून्य हवे आणि पूर्ण आकड्यानंतर टिंब-शून्य नको, हा नियम परिचारिकांना पहिल्या वर्षीच शिकवतात. ‘युनिट’ हा शब्दही पूर्ण लिहायचा, कारण नुसते इंग्रजी ‘यू’ अक्षर लिहिले तर ते शून्यासारखे दिसते. भारतात इन्सुलिनच्या कुप्या साधारणपणे प्रतिमिली ४० युनिटच्या, तर पेनमधले इन्सुलिन १०० युनिटचे असते. मधुमेही मुलासाठी पेनच्या काडतुसातले इन्सुलिन ४० युनिटच्या सिरिंजमध्ये ओढून २० च्या खुणेपर्यंत भरले, तर प्रत्यक्षात ५० युनिट जातात. मग मुलाची शुद्ध हरपायला वेळ लागत नाही.

डॉक्टरांचे अक्षर हा तर विनोदाचा विषय झाला आहे. औषधांची नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असा नियम तत्कालीन मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्येच केला. वाचता आले नाही तर परत विचारायला हवे. पण रात्री दीड वाजता वरिष्ठ डॉक्टरांना फोन करून ‘सर, हे नक्की काय लिहिले आहे?’ असे विचारण्याचे धाडस नव्या सिस्टरला व्हावे, असे वातावरण किती वॉर्डांत असते?

वॉर्डात नेमके काय तपासायचे असते?

नर्सिंगच्या शिक्षणात पाच ‘योग्य’ गोष्टी घोकून घेतात. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य डोस, योग्य मार्ग, योग्य वेळ. नंतर त्यात नोंद, कारण, परिणाम अशी भर पडत गेली. यादी सोपी आहे. अडचण येते ती एका ड्युटीत ती शेकडो वेळा पाळताना.

सिडनीच्या दोन रुग्णालयांत ९८ परिचारिकांचे काम जवळून पाहणारा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. औषध देताना कोणी मध्येच हाक मारली, फोन वाजला, नातेवाइकाने काही विचारले, अशा प्रत्येक व्यत्ययामागे चुकांची शक्यता सुमारे १२ टक्क्यांनी वाढत होती. काही देशांत औषधे देणारी परिचारिका ‘मध्ये बोलू नका’ असे लिहिलेले जाकीट घालते. आपल्याकडे एकेका सिस्टरच्या वाट्याला तीस-चाळीस खाटा येणे नवे नाही. तिथे जाकिटापेक्षा आणखी दोन हातांची गरज जास्त. तरीही नातेवाइकांनी एवढे लक्षात ठेवायला हरकत नाही, की सिस्टर सिरिंज भरत असताना ‘सलाईन कधी संपेल?’ हा प्रश्न पाच मिनिटे थांबू शकतो.

हेपॅरिन, इन्सुलिन, पोटॅशियम यांसारखी औषधे ‘अतिजोखमीची’ म्हणून वेगळी ठेवतात आणि दोन परिचारिकांनी स्वतंत्रपणे हिशेब करावा असा दंडक आहे. इथे ‘स्वतंत्रपणे’ हा शब्द महत्त्वाचा. पहिलीने ‘तीन मिली झाले ना गं?’ विचारायचे आणि दुसरीने मान डोलवायची, ही तपासणी नव्हे. दुसरीने केस पेपर पाहून शून्यापासून आकडा काढायचा असतो.

तोंडाने द्यायचे औषध सुईच्या सिरिंजमध्ये भरू नये, हा असाच एक साधा वाटणारा नियम. त्यासाठी सलाईनच्या नळीला बसतच नाही अशी वेगळी सिरिंज मिळते. तोंडाचे औषध चुकून शिरेत गेल्याच्या घटना जगभर घडल्यानंतर ती आली. फिट्ससाठीचे फेनिटोइन हे पातळ औषध तर प्रत्येक वेळी बाटली नीट हलवूनच द्यावे लागते. न हलवता दिल्यास सुरुवातीला वरचे पातळ औषध जाते आणि मुलाला फिट येते. बाटली तळाला आली की तोच पाच मिलीचा डोस जास्त तीव्र होतो आणि मूल झोकांड्या खाऊ लागते. हे घरातही तितकेच लागू आहे.

घराचा विषय निघालाच आहे, तर आणखी थोडे. स्वयंपाकघरातला चमचा हे माप नव्हे, प्रत्येक घरातला चमचा वेगळा असतो. बाटलीसोबतचे मापाचे झाकण किंवा ड्रॉपर त्या बाटलीपुरताच. पावडरच्या प्रतिजैविकात पाणी खुणेपर्यंत घालायचे, अंदाजाने नाही, आणि पाणी घातल्यानंतर लेबलवर दिलेल्या दिवसांनी ते टाकून द्यायचे. ओआरएसचे एक लिटरचे पाकीट चिमूट-चिमूट करून पेल्यात घालणाऱ्या घरांची संख्या आजही कमी नाही. त्यात क्षार किती गेले हे कोणालाच सांगता येत नाही. सर्दीच्या अनेक मिश्र औषधांत पॅरासिटामॉल आधीच असते, वरून तापाचे वेगळे दिले की डोस दुप्पट. मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात २०२५ मध्ये विषारी कफ सिरपने २० हून अधिक मुलांचे बळी घेतले, त्यातील अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. तो कारखान्याचा गुन्हा होता, परिचारिकेचा वा आईचा नव्हे. पण त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊच नयेत, असे पुन्हा बजावले. ते सिरप शुद्ध असले तरी लागू आहे.

मानसोपचार वॉर्डात धोका वेगळा कसा?

सुरुवात ओळखीपासून होते. इतर वॉर्डांत रुग्ण खाटेवर असतो, मनगटावर पट्टी असते. इथे रुग्ण हिंडतेफिरते असतात, खाटा बदलतात, पट्टी काढून टाकतात. ‘पाटील कोण?’ असे दारातून विचारले तर भलताच कोणी ‘मी’ म्हणून पुढे येऊ शकतो. म्हणून ‘तुम्ही पाटील का?’ असे न विचारता ‘तुमचे पूर्ण नाव सांगा’ असे विचारायचे, दुसरी खूण नोंदणी क्रमांकाची घ्यायची आणि जमेल तिथे औषधांच्या कागदावर रुग्णाचे छायाचित्र लावायचे, अशी पद्धत आहे. खाटेचा क्रमांक ही ओळख धरायची नाही. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत रस्त्यावरून, रेल्वे स्थानकांवरून आणलेले, नाव न सांगू शकणारे रुग्णही येतात. एका वॉर्डात दोन ‘अनोळखी’ असतील, तर छायाचित्राखेरीज दुसरा आधार काय?

दुसरा धोका नावांचा. क्लोझापाइन, क्लोनाझेपाम, ओलान्झापाइन. क्लोमिप्रामिन, क्लोरप्रोमाझिन. ऐकायला भावंडे, काम मात्र निराळे. त्याहून फसवी जोडी म्हणजे साधे हॅलोपेरिडॉल आणि हॅलोपेरिडॉल डेकॅनोएट. पहिले तातडीच्या वेळी लगेच शांत करण्यासाठी, तर दुसरे तेलात विरघळवलेले आणि साधारण महिनाभर हळूहळू शरीरात उतरणारे. चिडलेल्या रुग्णाला चुकून दुसरे टोचले तर आज उपयोग शून्य आणि त्रास महिनाभराचा. ते परत काढून घेता येत नाही.

तिसरा धोका गोळी न घेण्याचा. गालात किंवा जिभेखाली गोळी लपवून नंतर थुंकणारे रुग्ण असतात. काही जण त्या साठवतात, मग एके दिवशी एकदम घेण्यासाठी. म्हणून गोळी दिल्यावर पाणी पाजून, दोन शब्द बोलून तोंड पाहणे हे परिचारिकेचे काम आहे. ते कसे केले जाते यावर बरेच ठरते. ‘आ कर, जीभ उचल’ असा पोलिसी सूर लागला की रुग्ण दुसऱ्या दिवशी अधिक हुशारीने लपवतो. आणि गोळी तो का टाळतो, हे विचारले तर उत्तर बऱ्याचदा समजण्यासारखे निघते. हात थरथरतात, वजन वाढले, दिवसभर झोप येते, लैंगिक अडचणी आल्या. ही तक्रार केस पेपरवर गेली तर डॉक्टर औषध बदलू शकतात. ती ‘सहकार्य करत नाही’ या शेऱ्याखाली गाडली गेली, तर काहीच बदलत नाही.

लिथियम आणि क्लोझापाइनला एवढे जपायचे का?

लिथियम बायपोलर आजारातले जुने आणि परिणामकारक औषध. ऑस्ट्रेलियातील मानसोपचारतज्ज्ञ जॉन केड यांनी १९४९ मध्ये त्याचा उपयोग मांडला. त्याची उपयोगी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर फार थोडे. रक्तात प्रतिलिटर साधारण ०.६ ते १.२ मिलिमोल ठीक, १.५ च्या पुढे विषबाधेची भीती. शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी रक्त घेतले तरच आकड्याला अर्थ असतो. सकाळची गोळी देऊन मग रक्त काढले, तर चुकीचा आकडा मिळतो आणि त्यावरून चुकीचा निर्णय होतो. रक्त काढण्याच्या दिवशी गोळी थांबवून ठेवणे हे परिचारिकेच्या लक्षात राहायला हवे.

शरीरातले पाणी आणि मीठ कमी झाले की लिथियम वाढते. विदर्भातला मे महिना, नवरात्रातले नऊ दिवसांचे उपवास, रोजा, जुलाब, सगळेच या औषधाच्या दृष्टीने धोक्याचे. रक्तदाबासाठी ‘मीठ बंद करा’ असा सल्ला, लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या आणि गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक यांनीही तेच होते. मग रुग्णाच्या हाताचा कंप वाढतो, उलट्या होतात, बोलणे जड होते, चालताना तोल जातो. वॉर्डात किंवा घरी याला ‘पुन्हा आजार उसळला’ किंवा ‘पिऊन आला का?’ असे म्हटले गेले, तर पुढची गोळीही दिली जाते. खरे तर ती तिथेच थांबवून डॉक्टरांना कळवायचे असते.

क्लोझापाइन हे इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियातले शेवटचे आणि प्रभावी अस्त्र. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये ते घेणाऱ्या काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी घटून मृत्यू झाले आणि औषध जवळपास बाजूला पडले. पुढे ते परतले ते रक्ततपासणीच्या अटीवर. रूढ पद्धत सुरुवातीचे १८ आठवडे दर आठवड्याला, मग वर्षभरापर्यंत पंधरा दिवसांनी, पुढे महिन्याला अशी आहे. अशा रुग्णाला ताप आला, घसा दुखू लागला, तर ‘व्हायरल असेल’ म्हणून सोडायचे नाही, त्याच दिवशी रक्त पाहायचे. बद्धकोष्ठतेची नोंदही रोज हवी. ती इतकी वाढू शकते की आतडे बंद पडून जीव जातो, पण शौचाविषयी विचारणे अनेकांना गौण वाटते.

दोन गोष्टी तर नातेवाइकांना हमखास माहीत नसतात. सलग ४८ तासांहून अधिक काळ क्लोझापाइन चुकले, तर जुना डोस एकदम सुरू करता येत नाही. पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून चढावे लागते, नाही तर रक्तदाब कोसळू शकतो. दुसरी, बिडी-सिगारेटच्या धुराने हे औषध शरीरातून लवकर निघून जाते. रोज बंडलभर बिड्या ओढणारा रुग्ण भरती झाला आणि बिडी सुटली, की त्याच डोसची रक्तातली पातळी वाढते. तो जास्त पेंगतो, लाळ गळते, फिटही येऊ शकते. म्हणजे भरती होताना ‘बिडी किती?’ हा प्रश्न व्यसनमुक्तीपुरता नाही, तो डोसचा प्रश्न आहे.

‘गरज पडल्यास इंजेक्शन’ म्हणजे गरज कोणाची?

रात्री आरडाओरडा, मारहाण, काच फोडणे असे झाले तर तातडीने शांत करणारे इंजेक्शन लागते, याबद्दल वाद नाही. कोणते द्यावे यावर भारतातच उत्तम काम झाले आहे. वेल्लोरमध्ये २०० रुग्णांवर झालेली आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी जगभर उद्धृत होते. त्यात हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिन ही जोडी लोराझेपामपेक्षा लवकर गुण देते, असे दिसले. नुसते हॅलोपेरिडॉल दिल्यास मान वाकडी होणे, डोळे वर फिरणे, जीभ अडकणे असा स्नायूंचा तीव्र आकडी-त्रास होऊ शकतो, विशेषतः तरुण मुलांना. घाबरलेल्या नातेवाइकांना ते आजाराचे किंवा आणखी कशाचे रूप वाटते. तो औषधाचा परिणाम असतो आणि योग्य उताऱ्याने बहुधा अर्ध्या तासात उतरतो.

इंजेक्शन टोचले की काम संपले असे नाही, खरे काम तिथे सुरू होते. श्वास, नाडी, रक्तदाब, शुद्ध, दर थोड्या वेळाने पाहून लिहायचे. शांत झोपलेला रुग्ण आणि श्वास मंदावत चाललेला रुग्ण दारातून सारखेच दिसतात.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ (अंमल २९ मे २०१८ पासून) रुग्णाला बांधून ठेवण्याबाबत स्पष्ट आहे. तातडीचा धोका टाळण्यासाठी दुसरा उपाय नसेल तेव्हाच ते करावे, शिक्षा म्हणून नाही आणि कर्मचारी कमी आहेत म्हणूनही नाही. हीच कसोटी रात्रीच्या इंजेक्शनलाही लावायला हवी. केस पेपरवर ‘गरज पडल्यास’ एवढेच लिहिलेले असेल, तर ती गरज रुग्णाची की कमी मनुष्यबळाच्या वॉर्डाची, हे कधी कळणार नाही. कोणते लक्षण दिसल्यास, किती मात्रा, किती तासांनी पुन्हा आणि दिवसात जास्तीत जास्त किती, हे आदेशातच असले पाहिजे.

चहातून गोळी देणे चालते का?

हा प्रश्न मानसोपचारतज्ज्ञांच्या ओपीडीत वारंवार येतो. आजार मान्यच नसलेल्या मुलाला, नवऱ्याला, आईला पोळीच्या घासात, वरणात, चहात औषध देणारी असंख्य कुटुंबे आहेत. त्यांची हतबलता खरी आहे, त्यांना दोष देऊन काही मिळत नाही. पण जोखीम त्यांना माहीत असावी. अर्धा चहा बेसिनमध्ये गेला तर डोस किती गेला ते कळत नाही. तो कप चुकून घरातल्या लहान मुलाने प्यायला तर संकट वेगळेच. हळूहळू विरघळणारी गोळी कुटली की पूर्ण दिवसाचे औषध एकदम सुटते. लिथियम, क्लोझापाइनसारखी औषधे रक्ततपासणीशिवाय द्यायचीच नसतात आणि लपूनछपून रक्त काढता येत नाही. रुग्णाला कधीतरी कळतेच. मग तो घरचे जेवणच नाकारतो. ‘जेवणात काहीतरी घालतात’ हा त्याचा संशय तेव्हा भ्रम राहिलेला नसतो.

कायद्याची बाजूही आहे. निर्णय घेण्याची क्षमता प्रत्येकाला आहे असे कायदा गृहीत धरतो आणि संमतीला महत्त्व देतो. नामनिर्देशित प्रतिनिधी, आगाऊ सूचनापत्र, तातडीच्या परिस्थितीत प्रतिनिधीच्या संमतीने ७२ तासांपर्यंतचे उपचार, अशा वाटा त्यात आहेत. तोंडात लगेच विरघळणारी गोळी, पातळ औषध, महिन्यातून एकदाचे इंजेक्शन हे पर्याय डॉक्टरांशी बोलून निवडता येतात. रुग्ण बरा असताना ‘पुन्हा बिघडलास तर काय करायचे?’ हे त्याच्याकडूनच लिहून घेणे हा सर्वांत दुर्लक्षित पर्याय. वॉर्डात तर कोणतीही परिचारिका स्वतःच्या निर्णयाने अन्नात औषध मिसळू शकत नाही.

मूलही आणि मानसिक आजारही, तेव्हा?

दोन्ही जोखमी एकत्र येतात. अतिचंचलतेसाठी मेथिलफेनिडेट घेणाऱ्या मुलाची उंची, वजन, रक्तदाब पाहत राहावे लागते. डोस सकाळी द्यायचा, संध्याकाळी दिला तर मूल रात्रभर जागे. स्वमग्न मुलाच्या तीव्र चिडचिडीसाठी रिस्पेरिडोन दिले की भूक झपाट्याने वाढते. ते मूल ‘पोट भरले’ सांगत नाही आणि ‘डोके जड झाले’ हेही सांगत नाही, त्यामुळे वजनकाटा आणि आईचे निरीक्षण हीच त्याची भाषा. नैराश्यविरोधी औषधे सुरू केल्यावर काही मुलांत आणि किशोरवयीनांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा ठळक इशारा अमेरिकी औषध प्रशासनाने २००४ मध्ये दिला. याचा अर्थ औषध देऊ नये असा नाही. पहिल्या काही आठवड्यांत मुलाकडे जास्त लक्ष हवे आणि गोळ्यांची पाकिटे मुलाच्या हाती न देता कुलपात हवीत, असा आहे. अल्पवयीन रुग्णाला भरती केले तर त्याला प्रौढांपासून वेगळे ठेवावे आणि प्रतिनिधी किंवा सोबतीने सतत त्याच्याजवळ राहावे, असे २०१७ चा कायदा सांगतो. औषधांच्या दृष्टीने ही सोबत म्हणजे तोच तो हरवलेला पहारा. ‘सिस्टर, काल ही अर्धी होती’ असे म्हणणारा कोणीतरी.

चूक झाली तर सांगायचे कुणाला?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. औषधांतील चुकांचा जागतिक खर्च वर्षाला ४२ अब्ज डॉलर असल्याचा अंदाज तेव्हा मांडला गेला. पण चुका कमी करायच्या तर आधी त्या कळायला हव्यात आणि गाडे तिथेच अडते.

चूक सांगणाऱ्या सिस्टरला आपल्याकडे मेमो मिळतो. पोलिसांची भीती वेगळीच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यूसाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे. नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाकडून उपचारादरम्यान असे घडल्यास मर्यादा दोन वर्षांची. ही व्याख्या डॉक्टरांची आहे, परिचारिकांचा त्यात उल्लेख नाही. एकाच चुकीच्या साखळीतल्या शेवटच्या कडीला अधिक कडक कलम, अशी ही विचित्र रचना. अमेरिकेत टेनेसी राज्यातील एका परिचारिकेला चुकीचे औषध दिल्याबद्दल २०२२ मध्ये फौजदारी दोषी ठरवले गेले, तेव्हा आता कोणी चूक कबूल करणार नाही, असे तिथल्या परिचारिका संघटनांनी म्हटले होते. तिनेच ती चूक लगेच कळवली होती.

औषधाचा दुष्परिणाम झाल्याचा संशय असेल तर रुग्ण किंवा नातेवाईकही थेट कळवू शकतात. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनच्या देखरेखीखालील कार्यक्रमाचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक मराठीतही चालतो, गोळी चुकल्यास किंवा अचानक बंद झाल्यास काय करायचे हेही तिथे विचारता येते. आणि भरती होताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे, अगदी आयुर्वेदिक काढ्याच्या बाटलीसह, एका पिशवीत घालून न्यावीत. सिस्टरने ती पिशवी टेबलावर उलटी केली, की निम्मी चौकशी तिथेच होते.